वाट्याला आलेला उतारा

काकती, तालुका बेळगाव
जून 2026

बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात मराठीतून उपासना चालवणाऱ्या सर्व पाळकसाहेबांना आणि फादरांना,



एकाच पत्रावर पाळकसाहेब आणि फादर अशी दोन्ही नावे पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल. माझा नाइलाज आहे. मंडळी माझी प्रोटेस्टंट आणि घरची मंडळी कॅथलिक. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बरीच खळखळ केली. शेवटी तोड निघाली ती अशी, की रविवारी दोघांनी मिळून काकतीहून बेळगावला जायचे, सकाळी तिच्या मिस्सेला बसायचे आणि मग माझ्या उपासनेला. नवी नवरा-बायको दुसऱ्या रविवारी कंटाळतील असे सगळ्यांना वाटले होते. आज छत्तीस वर्षे झाली. त्यामुळे माझ्या वाट्याला आठवड्याला दोन प्रवचने येतात. आपल्याला एकच द्यावे लागते, यातच समाधान मानावे.

पेशाने मी कंपोझिटर. उमेदीची वर्षे शिशाचे खिळे जुळवण्यात गेली, पुढे संगणक आला, आणि मी चष्म्याचा नंबर वाढवत निवृत्त झालो. या धंद्याने एक खोड लावली. पानावर काय छापले आहे याच्या आधी काय गळले आहे ते दिसते. हे पत्र त्या खोडीतून लिहितो आहे.

कारण मात्र वेगळेच घडले. आमच्या शेजारचे घर वारकऱ्याचे. त्यांच्याकडे ज्ञानेश्वरीचे पारायण असते, तेव्हा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. गेल्या वर्षी पारायण संपल्यावर प्रसाद द्यायला आले आणि सहज विचारून गेले, “तुमच्यात पोथी कोण लावतं हो?” मी म्हटले, हिच्याकडे वर्षभराचे ठरलेले असते, छापील कागद येतो. माझ्याकडे पाळकसाहेब त्यांना सुचेल तो उतारा घेतात. ते जरा थांबले. मग म्हणाले, “म्हणजे आवडती ओवी वाचायची. मग नावडती कोण वाचणार?”

मी हसलो. प्रसाद घेतला. आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो प्रश्न माझ्या अंगाला चिकटून राहिला, ओल्या कापडासारखा.

आधी तो छापील कागद. आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला असतो, त्यावर हळदीचे बोट उमटलेले असते आणि कोपऱ्यात दूधवाल्याचा हिशेब. प्रत्येक रविवारपुढे चार नोंदी: बहुतेक वेळा जुन्या करारातले पहिले वाचन, प्रतिसादाचे स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतले दुसरे वाचन आणि शुभवर्तमान. माझ्या सासूबाई सांगत, त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि तेच ठरावीक उतारे दरवर्षी फिरून येत. जुना करार रविवारी क्वचितच कानावर पडे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितले, की बायबलचे भांडार लोकांसाठी अधिक मोकळे करा. त्यावरून 1969 साली नवा वाचनक्रम निघाला आणि वर्तुळ तीन वर्षांचे झाले. पहिले वर्ष मत्तयचे, दुसरे मार्कचे, तिसरे लूकचे. योहानाला स्वतःचे वर्ष नाही. तो उपवासकाळात आणि पुनरुत्थानाच्या दिवसांत येतो, आणि मार्कचे पुस्तक तोकडे असल्याने त्या वर्षी पाच रविवार आपला सहावा अध्याय घेऊन मधेच येऊन बसतो. पाचही रविवार भाकरीवरच. पाचव्या आठवड्याला प्रवचनकाराच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते पाहण्यासारखे असतात. पण तो पळू शकत नाही, आणि मला त्या न पळण्याचेच मोल वाटते.

आता माझ्या बाजूचे. मी ज्या ज्या मंडळीत बसलो, तिथे उतारा पाळक निवडतात. कुठली मंडळी, कुठले पाळक, ते विचारू नका. नावे घेऊन कुणाचा उपमर्द करायचा नाही, आणि त्यातले बहुतेक जण सज्जन होते. पण मी माझ्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर टिपण ठेवत आलो. मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र, निकदेमाची रात्र, उधळ्या पुत्र, आणि इमारत फंडाची पेटी निघाली की मलाखीचा तिसरा अध्याय, दशमांशाचा. एवढ्या चौघांवर आमच्या मंडळ्या पोसल्या. त्या पानावर आमोस एकदाही नाही. विलापगीत नाही. ईयोबाची सुरुवात आहे आणि शेवट आहे, मधले पस्तीसेक अध्याय, ज्यात तो देवाशी भांडतो, ते गायब.

एका पाळकसाहेबांशी मी हा विषय काढला. ते म्हणाले, आत्मा जिकडे नेईल तिकडे मी जातो, छापील कागदाने आत्म्याला दावे लावायचे का? उत्तर चांगले होते. मला एवढेच वाटले, की आत्मा दरवेळी त्याच चार पानांवर कसा काय जातो.

हे सगळे विनोदावारी नेता आले असते. ऑगस्ट 2019 नंतर नेता येत नाही.

त्या पावसाची आठवण आपल्याला करून द्यायला नको. जिल्हाभर नद्या पात्र सोडून बाहेर आल्या. इकडे मार्कंडेय नदी भातात शिरली, कच्च्या भिंतींची घरे आतून फुगून कोसळली, माणसे शाळांतून आणि नातलगांच्या ओसऱ्यांवर राहिली. पूर येण्याच्या आदल्या रविवारी, 4 ऑगस्टला, हिच्या कागदावर लूकचा बारावा अध्याय होता: तो श्रीमंत शेतकरी, पीक भरपूर येते म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. कुणीही फारसे लक्ष देऊन ऐकले नाही. मग पाणी आले. 11 ऑगस्टच्या रविवारी त्याच अध्यायाचा पुढचा भाग होता. लहानशा कळपाने भिऊ नये असे सुरुवातीलाच, आणि लगेच पुढे, जे आहे ते विकून द्या आणि चोर जिथे पोहोचत नाही, कसर जिथे लागत नाही तिथे साठवण करा. समोरच्या बाकांवर अशी माणसे बसली होती, की ज्यांच्याकडे विकायला काही उरले नव्हते. तांदळाचे पोते, शिलाई मशीन, मुलांची वह्या-पुस्तके, सगळे गेलेले.

त्या दिवशी मिस्सेला जे फादर होते ते चाचरले. म्हणाले, आज मला निवड असती तर हा उतारा मी घेतला नसता. मग बराच वेळ गप्प राहून ते फक्त पहिल्या वाक्यावर बोलले, लहान कळप म्हणजे किती लहान, यावर. चारच मिनिटे बोलले. शेवटी चर्चमागच्या खोलीत तांदूळ आणि चादरी ठेवल्या आहेत, असे सांगितले. एक म्हातारी उठून पुढे गेली आणि कुणाचीही परवानगी न घेता वेदीच्या पायरीवर बसून राहिली.

तिथून आम्ही उपासनेला गेलो. तिथे पाळकसाहेबांनी उतारा निवडला होता. नोहाचा. माणसांची दुष्टाई वाढली म्हणून जलप्रलय, असा संदेश झाला, चांगला पाऊण तास. मंडळीत सिनेमा, दारू आणि उपासनेला उशिरा येणे वाढल्याचे दाखले देण्यात आले. ज्यांच्या भिंती पडल्या होत्या ती माणसे मान खाली घालून ऐकत होती. माझ्या पुढच्या बाकावरच्या माणसाच्या सदऱ्याला अजून गाळाचा वास येत होता.

पाळकसाहेब वाईट नव्हते. दोन दिवस ते स्वतः गुडघाभर पाण्यातून लोकांना भाकऱ्या पोहोचवत होते, हे मी पाहिले आहे. पण त्या रविवारी त्यांच्या हातात निवड होती, आणि निवडलेला उतारा बघता बघता काठी झाला. फादरांच्या हातात निवड नव्हती. ज्याला आपण होऊन शब्द उचलता येत नाही, त्याला तो शब्द आधी स्वतःला सोसावा लागतो. त्या दिवशी मला शेजारच्या काकांच्या प्रश्नाचे उत्तर सहा वर्षे आधीच मिळाले होते, फक्त प्रश्न यायचा बाकी होता.

दुसरे उदाहरण गोड आहे. गेल्या वर्षी 21 सप्टेंबरला आमोसाचा आठवा अध्याय आला. त्यातले व्यापारी विचारतात, शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही धान्य विकायला कधी मोकळे होतो. माप लहान करू, वजन जड करू, गळाठाही गव्हाच्या भावाने खपवू. बेळगावच्या घाऊक बाजाराचे नाव रविवार पेठ. मिस्सेला जे बसले होते त्यातल्या दोघांची तिथे दुकाने आहेत, एकजण हमालीला जातो. तिघेही ऐकत होते. कुणी फादर स्वतः होऊन हा उतारा घेता तर पेठेतल्या दोघांनी नक्की म्हटले असते, की आमच्यावर नेम धरला. तसे कुणाला म्हणता आले नाही. कारण तो नेम कॅलेंडरने धरला होता, आणि तोही त्याच दिवशी मनिलात, नैरोबीत आणि रोममध्येही. बाहेर आल्यावर हमाल हसत होता.

आणि इथे ती गोष्ट, जिच्यासाठी दोन्ही नावे एका पत्रावर घातली.

कॅथलिक वाचनक्रम निघाल्यावर उत्तर अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तोच आराखडा घेऊन आपल्यापुरते फेरफार केले. 1983 साली एक सामाईक वाचनक्रम तयार झाला, 1992 साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. आज जगातल्या कितीतरी प्रोटेस्टंट मंडळ्या ती वापरतात. जुन्या करारातले उतारे पुष्कळदा वेगळे असतात, पण शुभवर्तमान बहुतेक रविवारी एकच. म्हणजे ज्या दोन मंडळ्या एका मेजाची भाकर वाटून घेत नाहीत, त्या एका दिवशी एकच गोष्ट ऐकतात. वरच्या 21 सप्टेंबरला तर आमोसही दोन्हीकडे होता. पोप फ्रान्सिस यांनी 2019 च्या 30 सप्टेंबरला, बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमच्या सणादिवशी, देवशब्दाचा खास रविवार नेमून दिला, तोही जानेवारीत, ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना होते त्या आठवड्याला लागून. जागा मुद्दाम हेरली होती. आपल्या बेळगावात मात्र दोन चर्चमधले अंतर रिक्षाने पाच मिनिटांचे आणि रविवारच्या पानावर कोसांचे.

ही ठरावीक वाचनाची चाल आपल्या मातीला परकी आहे असे कुणी म्हणू नये. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांची घरची भाषा आपलीच मराठी, त्यांच्या सभास्थानात शनिवारी तोराचा नेमलेला भाग वाचला जातो आणि वर्षाअखेर पाचही पुस्तके पुरी होतात. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडून वाचली, ती सभास्थानातल्या वाचनाच्या परंपरेत उभे राहून. गुरुचरित्राच्या सप्ताहात रोज कुठवर वाचायचे ते ठरलेले असते. आणि आमच्या शेजारच्या काकांना तर पोथीतली ओवी गाळणे ही कल्पनाच सोसत नाही.

आता माझी कंपोझिटरची खोड. फादर, आपल्या कागदातही ओळी गळल्या आहेत, आणि त्या मी छत्तीस वर्षे पाहतो आहे. बाबेलच्या नद्यांकाठी रडणाऱ्यांचे 137 वे स्तोत्र येते, पण शत्रूच्या लेकरांविषयीचे ते भयंकर शेवटचे चरण कापून. ते मी समजू शकतो. पण निर्गमच्या पहिल्या अध्यायात फारोला न जुमानता मुलगे जिवंत ठेवणाऱ्या दोन सुइणी आहेत, शिप्रा आणि पुवा. सामान्य दिवसांच्या वाचनात तो अध्याय येतो तेव्हा चौदाव्या वचनावरून सरळ बाविसाव्यावर उडी मारली जाते. नेमक्या सुइणी गळतात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातली फीबी, जिचे नाव पौल सगळ्यांच्या आधी घेतो, तिचे तेच. वाचन तिच्या पुढच्या वचनापासून सुरू होते. आणि लूकच्या तेराव्या अध्यायातली ती अठरा वर्षे कमरेत वाकलेली बाई, जिला येशू सभास्थानात सरळ उभी करतो, ती रविवारी येतच नाही. मधल्या वारी येते, जेव्हा वाकलेल्या बाया कामावर असतात.

हे मी आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवले. ती काही वर्षांपूर्वीपर्यंत भाताच्या रोपलावणीला जात होती. म्हणाली, “मला वाटलं, तुमच्या बायबलातच ती असेल.” खरेच, त्या 1992 च्या प्रोटेस्टंट क्रमात वाकलेली बाई ऑगस्टमधल्या एका रविवारी आहे, आणि सुइणीही आहेत. पाळकसाहेब, म्हणजे आपल्या घरात ते ताट वाढलेले आहे, आणि आपण मात्र तेविसावे स्तोत्रच परत परत गरम करतो आहोत. आणि फादर, क्रमाने शिकवलेला न पळण्याचा धडा क्रमालाही लावावा, अशी विनंती आहे. सुइणींची सात वचने वाचायला फार तर मिनिटभर लागते.

कागद कसाही असो, तो कुणाच्या तरी तोंडून ऐकू यायचा असतो. याबाबत दोन्ही घरची अवस्था सारखीच आहे. वाचकाला उतारा शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, कधी कधी तर पहिले गीत सुरू असताना हातात दिला जातो. यंदा 24 मे रोजी पेंटेकॉस्ट झाला. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, आणि त्यातली ती नावांची रांग: पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया. दरवर्षी या रांगेत कुणीतरी पडतो. यंदा वाचायला उभी राहिली ती दहावीतली मुलगी. घरी मराठी बोलते, शिकली कन्नड माध्यमात. देवनागरी तिला अक्षर लावून लावून वाचावी लागते. पण तिने पाऊल न अडखळता सगळी नावे घेतली, इतकी स्वच्छ, की मी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. नंतर तिच्या हातातला कागद बघायला मागितला. तिने आदल्या शनिवारी आजीला उतारा मोठ्याने वाचायला लावून सगळा मराठी मजकूर कन्नड लिपीत उतरवून घेतला होता. फुलासारखी गोल अक्षरे, आणि आत आपली मराठी.

मला वाईट वाटायला हवे होते, असे मंडळीतले काहीजण म्हणाले. सीमाभागात लिपीवरून काय काय झाले आहे ते मला ठाऊक आहे. ज्या बेळगावात 1946 च्या साहित्य संमेलनात माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याच बेळगावात मी वाढलो. तरी वाईट वाटले नाही. फादर थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण 1616 साली राचोलला छापले गेले ते रोमन अक्षरांत. देवनागरीचे खिळेच नव्हते. त्या इंग्रज जेजुइटाने मराठीच्या गोडव्यावर जीव ओवाळला, दहा हजारांहून जास्त ओव्या लिहिल्या, आणि त्या परक्या लिपीत छापाव्या लागल्या. तरी रविवारी आणि सणाच्या दिवशी गोव्याच्या चर्चमधून त्या वाचल्या जात आणि लोक त्या ऐकत. पुढे 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांची भाषाच बंद करायचे फर्मान काढले. लिपीने मराठीचे फारसे नुकसान केले नाही, फर्मानाने केले. त्या मुलीचा कागद, मी छापखान्यातला माणूस म्हणून सांगतो, उत्तम प्रूफ होता. कारण तिने उतारा आठवडाभर आधी मागून घेतला होता.

भाषांतर कोणते घ्यायचे यावर आपण भांडाल, म्हणून आधीच सांगतो, तो वाद या पत्रात नको. आमच्या कपाटात बायबल सोसायटीचे आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे सुबोध बायबल आहे, आणि पंडिता रमाबाईंचेही आहे. रमाबाईंचा जन्म 1858 साली आजच्या कर्नाटकातल्या घाटात झाला, त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायांना खिळे जुळवायला शिकवून त्यांनी आपले भाषांतर छापायला घेतले. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघाले. त्या कंपोझिटर बायांपुढे मी कुणीच नाही. शनिवारी रात्री आम्ही दोघे तिन्ही पुस्तके उघडून दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान वाचतो. तीन वेळा ऐकलेली गोष्ट रविवारी चौथ्यांदा कानावर पडते, तेव्हा प्रवचन कसेही झाले तरी काही बिघडत नाही. (हे फादरांना सांगू नकोस, असे हिने बजावले आहे.)

या भागात पहिल्यांदा लंडन मिशनरी सोसायटीची माणसे 1820 साली आली, 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडे गेले, 1953 साली बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत वेगळा झाला. दोनशे वर्षे आपण एका गावात शेजारी शेजारी बायबल वाचतो आहोत. एका पानावर मात्र कधी आलो नाही. म्हणून मागणे थोडकेच आहे.

येत्या 29 नोव्हेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार आहे. त्या दिवशी मार्कचे वर्ष सुरू होते. त्या रविवारपासून वर्षभर, बेळगाव ते निपाणी पट्ट्यातल्या प्रत्येक मराठी उपासनेत निदान शुभवर्तमानाचा उतारा एकच असावा. जुन्या कराराचे आपापले बघून घ्या. कॅथलिकांच्या जुन्या करारात शेहेचाळीस पुस्तके आणि आमच्यात एकोणचाळीस, त्या सात पुस्तकांसाठी कुणी अडून बसू नये. पुढच्या रविवारचा उतारा आदल्या रविवारी हातात मिळावा, मोठ्या अक्षरांत. आणि ज्याला हवा त्याला कन्नड लिपीतही. तो कागद जुळवायचे काम मी फुकट करीन, संगणक आहे, नात हाताशी आहे. आणि मृत्यू, अपघात, पूर असे काही घडले, तर त्या रविवारी उतारा बदलायची मुभा ठेवायची की नाही, हे आपण ठरवा. मी ऑगस्ट 2019 नंतर ठेवू नये या मताचा झालो आहे, पण कुणाचे तरणे पोर गेलेले असताना त्याच्या आईपुढे उभे राहून हे मत मला मांडता येणार नाही, हेही खरे.

नोव्हेंबर लांब आहे. त्याआधी एक चालून आलेली संधी आहे. 12 जुलैच्या रविवारी दोन्ही क्रमांत पेरणाऱ्याचा दृष्टांत आहे, मत्तयचा तेरावा अध्याय. कॅथलिक कागदावर त्याच्या जोडीला यशयाचा पंचावन्नावा, आकाशातून उतरणाऱ्या पावसाचा आणि बर्फाचा. बर्फ काकतीत कुणी पाहिलेला नाही. पाऊस मात्र तेव्हा पुनर्वसूचा असेल, ज्याला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात, आणि मिस्सेला येणारे अर्धे लोक चिखलाचे पाय पायरीवर धुऊन आत येतील. दृष्टांतातला शेतकरी बी फोकतो, काही वाटेवर, काही खडकावर. आमचे लोक कुरीने पेरणारे, एक दाणा बांधावर पडला तर वाकून उचलतील. दर तीन वर्षांनी हा उतारा ऐकला की मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतो, एवढे बी वाया घालवणारा शेतकरी कसला. आजवर कुठल्याही प्रवचनात मी या पुटपुटण्याला उत्तर ऐकलेले नाही. यंदा कुणीतरी द्यावे.

त्याच्या पुढच्या रविवारी, 19 जुलैला, निदणाचा दृष्टांत. मालक गड्यांना सांगतो, तण उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. तो आठवडा म्हणजे काकतीच्या शिवारात ऐन भांगलणीचा. ज्या बाया शनिवारपर्यंत खुरपे घेऊन तण काढत असतील, त्याच रविवारी बसून हे ऐकतील. त्यांच्यासमोर काय बोलायचे याची तयारी दोघांनीही आतापासून केलेली बरी.

आम्ही दोघे दोन्ही रविवारी दोन्हीकडे असूच. आधी मिस्सेला, तिसऱ्या बाकावर डावीकडे. मग उपासनेला, शेवटून दुसऱ्या बाकावर, खांबाआड. शेजारच्या काकांनाही विचारले आहे. म्हणाले, भांगलण आटोपली तर येतो, पोथी कशी लावता ते बघायला.

आपला नम्र,
काकतीचा एक वाचक